परकाया आणि वचन

प्राणहिता जेथे गोदावरीला मिळते आणि मराठी मुलूख संपता संपता तेलुगू मुलखात विरून जातो, त्या सिरोंच्याच्या बाजारात एकाच तराजूभोवती दोन भाषांत भाव ठरताना मी लहानपणी पुष्कळ वेळा ऐकले आहेत. आणि त्या दोन भाषांमध्ये जे शेकडो भेद असतील त्यांपैकी त्या वयात माझ्या मनात ठसला तो एकच, आकडा उच्चारण्याच्या क्रमाचा. आमच्याकडचे गिऱ्हाईक 'पंचवीस' म्हणे, म्हणजे आधी पाच आणि मागाहून वीस. दुकानदार तीच रक्कम आपल्या गड्याला 'इरवै ऐदु' अशी सांगे, म्हणजे आधी वीस आणि मागाहून पाच. आणि पावती फाडण्याची वेळ आली की दोघांच्याही डोळ्यांसमोर २५ हा एकच आकडा, एकाच क्रमाने लिहिलेला, येऊन पडे. माझे वडील तेथे वनखात्याच्या दप्तरात कारकून होते (गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तो पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी, तोवर हा सारा टापू चांद्यातच, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातच, मोडत असे), आणि तेंदूपत्त्याच्या व सागवानाच्या हिशेबांत त्यांचा दिवस जात असल्यामुळे ह्या गोष्टीकडे ते फार गांभीर्याने पाहत. ते म्हणत, "बोलताना ज्याने त्याने आपल्या घरच्यासारखे बोलावे, पावतीवर मात्र एकच आकडा पडला पाहिजे, नाहीतर माल एकीकडे आणि पैसा दुसरीकडे."

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' ह्या शब्दाबरोबर 'वीस एक' असेही वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद माजला हे वाचकांना आठवत असेल. कोणी त्यात मुलांची सोय पाहिली, कोणी भाषेचा ऱ्हास पाहिला. मला मात्र त्या सर्व दिवसांत वडिलांचे पावतीपुस्तक आठवत होते, आणि त्याच्या जोडीला आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या कामात गेली ते कामही आठवत होते. कारण ज्या प्रश्नावरून शिक्षक आणि पालक त्या वेळी भांडत होते तोच प्रश्न संगणक घडवणाऱ्यांपुढे पूर्वी उभा राहिला होता, आणि त्यांनी काढलेल्या तोडग्यात धर्मविचाराचा एक फार जुना पेच दडलेला आहे असे मला प्रामाणिकपणे वाटत आले आहे.

माझे काम असे होते. युनिक्स ह्या संगणकप्रणालीचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे जनक. १९७३ साली ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली, आणि १९७७ साली तिला मूळच्या पीडीपी यंत्रातून उचलून इंटरडेटा नावाच्या निराळ्या घडणीच्या यंत्रावर बसवण्यात आले, तेव्हा प्रणालीला देहांतर करता येते ही गोष्ट सिद्ध झाली. पुढे त्या कुळाच्या वाटण्या झाल्या. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने आपली शाखा वाढवली, मूळ घराण्याने सिस्टिम फाइव्ह ही आपली शाखा चालवली, आणि सन, एचपी, आयबीएम, डिजिटल अशा प्रत्येक यंत्रनिर्मात्याने ह्या दोन शाखांतून हवे तेवढे घेऊन आपापले युनिक्स उभे केले. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या आर्पानेट जाळ्याने टीसीपी-आयपी हा नवा व्यवहार स्वीकारला आणि त्याच वर्षी बर्कलीने 'सॉकेट' ही सोय आपल्या प्रणालीत दिली, जिच्या योगे एका यंत्रावरील प्रोग्रॅमला दूरच्या यंत्रावरील प्रोग्रॅमशी जणू शेजाऱ्याशी बोलावे तसे बोलता येऊ लागले. सिस्टिम फाइव्हने मात्र ह्याच कार्यासाठी 'स्ट्रीम्स' नावाची वेगळी वाट धरली. आपल्याकडे १९८६ साली एर्नेट ह्या संगणकजाळ्याचा आरंभ झाला आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी व पवईची आयआयटी ह्या संस्था त्याच्या अग्रभागी होत्या. मी ह्या क्षेत्रात आलो तो त्यानंतर, पुण्यातील एका कार्यालयात, आणि माझ्या वाट्याला आले ते पोर्टिंग: एका युनिक्सवर नीट चालणारा, जाळ्यावर टपालाची नेआण करणारा प्रोग्रॅम घ्यायचा आणि तो दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या युनिक्सवर तसाच चालेल असे करायचे.

तसाच, हा शब्द मी त्या वेळी सहज वापरत असे. तो किती अवघड आहे हे मला पंचवीस ह्या आकड्यानेच शिकवले.

टपाल घेणारा प्रोग्रॅम प्रत्येक यंत्रावर २५ क्रमांकाच्या दारात बसलेला असतो, ही जगभरची वहिवाट आहे. हा क्रमांक संगणकाच्या स्मृतीत दोन घरांत मांडला जातो: एका घरात शून्य आणि दुसऱ्यात पंचवीस. आता ह्या दोन घरांपैकी आधी कोणते, ह्याविषयी यंत्रांत मतभेद आहेत. सनची यंत्रे मोठ्या स्थानापासून आरंभ करीत, जसे आपण कागदावर लिहितो; इंटेलची यंत्रे लहान स्थानापासून आरंभ करतात, जसे आपण मराठीत बोलतो. आपल्या गणिताच्या परंपरेत अंकांची गती डावीकडे मानली गेली आहे, आणि शब्दांनी संख्या सांगताना जुने ज्योतिषी एककापासूनच प्रारंभ करीत. तेव्हा इंटेलचा क्रम आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. १९८० साली डॅनी कोहेन ह्या विद्वानाने ह्या भांडणावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि त्याचे सांगणे माझ्या वडिलांच्या सांगण्याहून वेगळे नव्हते: कोणता क्रम चांगला ह्यापेक्षा सर्वांचा एक क्रम ठरणे महत्त्वाचे आहे. जाळ्यापुरता तो ठरला, मोठ्या स्थानापासून आरंभ करण्याचा; आणि प्रत्येक यंत्राने आकडा बाहेर धाडण्यापूर्वी आपल्या घरच्या क्रमातून जाळ्याच्या क्रमात पालटून घ्यावा, असा दंडक झाला. मी लिहिलेला पहिला प्रोग्रॅम सनच्या यंत्रावर कित्येक महिने बिनतक्रार चालला. तो इंटेलच्या यंत्रावर नेला, आणि एकही पत्र पोचेना. दोन दिवसांनी उमगले की तो २५ क्रमांकाच्या दाराऐवजी ६४०० क्रमांकाच्या दारावर थापा मारीत होता. शून्य आणि पंचवीस ह्यांची अदलाबदल झाली की नेमका हाच आकडा होतो. आकडा पालटून घेण्याची ती एक ओळ मी लिहिलीच नव्हती. सनच्या यंत्राचा घरचा क्रम आणि जाळ्याचा क्रम योगायोगाने एकच असल्यामुळे माझी चूक इतके दिवस पुण्याईसारखी खपून गेली होती.

त्या दिवसांत मी विद्यारण्यांची पंचदशी वाचत होतो. चौदाव्या शतकातील ह्या ग्रंथाच्या आरंभी अन्वय-व्यतिरेकाची जी पद्धत वापरली आहे ती अशी: जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती ह्या तिन्ही अवस्थांत जे राहते ते पाहा, आणि जे एका अवस्थेत असते व दुसरीत नसते तेही पाहा, जे येते-जाते ते तू नव्हेस, जे तिन्हींत अनुस्यूत आहे ते तू आहेस. स्थूल देह स्वप्नात दिसेनासा होतो, म्हणून तो आत्मा नव्हे. सूक्ष्म देह सुषुप्तीत लोपतो, म्हणून तोही नव्हे. ही पद्धत माझ्या टेबलावरच चाललेली आहे, असे तेव्हा माझ्या मनाने घेतले. तीन अवस्थांच्या जागी माझी चार यंत्रे. जी ओळ एका यंत्रावर चालते आणि दुसऱ्यावर मोडते ती प्रोग्रॅमची नव्हे, ती त्या यंत्राची उपाधी आहे. तिला बाजूला काढून एका वेगळ्या फाइलीत ठेवावे. असे करता करता, कोश एकामागून एक सोलून काढावेत तसे सोलत गेल्यावर, मध्ये जो उरेल तो खरा प्रोग्रॅम, सर्व देहांत एकच असणारा. तरुण वयाला ह्या विचाराने जो आनंद होतो तो मला झाला, आणि त्या आनंदात मी दोन वर्षे काम केले.

ह्या पद्धतीने मला दिले ते मी कमी लेखत नाही. आपल्या स्वभावाचा म्हणून जो भाग आपण मिरवतो तो पुष्कळदा आपण जेथे उभे असतो त्या भूमीचा उपकार असतो, हे तिने मला शिकवले. इंटेलचे यंत्र फार सहनशील. स्मृतीतील चार घरांचा आकडा कोठल्याही घरापासून वाचायला सांगा, ते वाचून देते. सनचे यंत्र तसे करीत नाही. आकडा आपल्या योग्य सीमेवर नसेल तर ते तिथल्या तिथे प्रोग्रॅम थांबवते. म्हणजे सहनशील घरात माझे जे दोष दहा वर्षे सुखाने नांदले असते ते कडक घरात पहिल्याच दिवशी उघडे पडले. डिजिटलच्या अल्फा यंत्रावर गेलो तेव्हा आणखी एक आधार गळाला: जाळ्यावरील पत्ता तेव्हा चार घरांचा असे, आणि जुन्या बर्कली रिवाजाप्रमाणे आम्ही तो 'लाँग' नावाच्या मापात ठेवत आलो होतो, कारण आजवरच्या प्रत्येक यंत्रावर ते माप चारच घरांचे होते, अल्फावर ते आठ घरांचे निघाले. कोणीही खोटे बोलले नव्हते. चार घरे हे वचन कोणी दिलेलेच नव्हते. आम्ही ते गृहीत धरले होते.

पण ज्या एका चुकीने मला खरोखर विचारात पाडले ती ह्यांहून निराळी होती. एक प्रोग्रॅम दूरच्या यंत्राकडून येणाऱ्या मजकुराची वाट पाहत स्वस्थ बसलेला असतो; तेवढ्यात त्याच्याच यंत्रावरून, घड्याळाची एखादी वेळ झाली म्हणून, त्याला हाक येते. बर्कलीच्या घराण्यात तो उठतो, हाकेला ओ देतो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन वाट पाहू लागतो; हे सारे प्रणालीच करून घेते, प्रोग्रॅमला कळतसुद्धा नाही. सिस्टिम फाइव्हच्या घराण्यात हाक आली की वाट पाहणे तेथेच मोडते, आणि 'व्यत्यय आला' असा निरोप प्रोग्रॅमच्या हाती ठेवला जातो. पुन्हा वाट पाहायची की नाही हे त्याने ठरवायचे. माझ्या प्रोग्रॅमला हा निरोप वाचता येत नव्हता. त्याने व्यत्ययाला मृत्यू मानले. पलीकडचा गेला असे समजून त्याने संबंध तोडून टाकला, आणि पलीकडचे यंत्र जिवंत असून, अर्धे पत्र हातात धरून, ताटकळत राहिले. आता अन्वय-व्यतिरेकाने विचारले तर ही ओळ कोणाची? ती प्रोग्रॅमची की यंत्राची? बर्कलीच्या घरात ती लिहिण्याची आवश्यकताच नव्हती. सिस्टिम फाइव्हच्या घरात ती नसेल तर प्रोग्रॅम निर्दय ठरतो. धीर धरणे हा ज्याचा स्वभाव असायला हवा होता त्याच्या ठायी धीर मुळी नव्हताच. तो घराने पुरवला होता.

परकायाप्रवेशाची कल्पना आपल्या परंपरेत नवी नाही, आणि तिची जी कथा मला सर्वांत सत्य वाटते ती महानुभावांची आहे. लीळाचरित्राच्या परंपरेप्रमाणे द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि भरवसच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव नुकताच मरण पावला होता त्याच्या देहात ते शिरले. तेच पुढे चक्रधर झाले. इतर परकायाप्रवेशांच्या कथांत शिरणारा नव्या देहाचा उपभोग घेतो आणि निघून जातो. येथे तसे घडत नाही. नव्या देहाला घर होते, पत्नी होती, द्यूताची संगत होती. द्यूतात हरल्यावर देणे फेडण्यासाठी पत्नीकडे अलंकार मागावे लागले आणि तिने ते दिले नाहीत. ह्या प्रसंगाने विरक्ती येऊन ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघाले आणि ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंना भेटले, असा तो वृत्तान्त आहे. ईश्वराचा अवतार मानल्या गेलेल्या पुरुषालासुद्धा देह घेतला की त्या देहाचे ऋण अंगावर घ्यावे लागते, हे इतक्या निःसंकोचपणे सांगणारी दुसरी कथा माझ्या वाचनात नाही. देहाचा स्वीकार म्हणजे त्या देहाच्या ऋणानुबंधांचा स्वीकार. आणि पुढे जे महान कार्य झाले ते ह्या ऋणाला वळसा घालून झालेले नाही, त्याच्या वेदनेतूनच त्याचा मार्ग निघाला आहे.

ह्या कथेने माझ्या तरुणपणीच्या आनंदाला धक्का दिला, आणि कामानेही तेच केले. कारण यंत्रापुरत्या ओळी बाजूला काढत काढत मी खरोखरच शेवटापर्यंत गेलो, तेव्हा मध्ये जे उरले ते कोणत्याच यंत्रावर चालण्यासारखे नव्हते. सर्व उपाधी वजा करून उरलेला तो शुद्ध प्रोग्रॅम एकही पत्र पोचवू शकत नव्हता. वेदान्ती म्हणेल की आत्मा काही करीतच नाही, तो केवळ साक्षी आहे, आणि मी त्या उत्तराचा अनादर करीत नाही. परंतु ज्याला पत्र पोचवायचे आहे त्याला साक्षीने भागत नाही. मग चारही यंत्रांवर जे एकच आहे असे आम्ही ग्राहकाला छातीठोकपणे सांगत होतो ते नेमके काय होते?

माझे माध्यमिक शिक्षण चंद्रपुरास झाले. त्या गावात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे नागपूरच्या दीक्षासमारंभानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रचंड जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. ती दीक्षाभूमी मी शाळेत जाता-येता पाहत असे, आणि दरवर्षी त्या दिवसांत दूरदूरच्या खेड्यांतून पांढऱ्या वस्त्रांत येणारी माणसेही पाहत असे. ती माणसे कालची आणि आजची एकच होती काय? घर तेच, शेत तेच, पुष्कळांचे दारिद्र्यही तेच. आत्मा तोच, असे म्हणावे तर ज्या धम्मात ती गेली तो आत्मा मानीत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी पुनर्जन्माविषयी दोन प्रश्न वेगळे केले आहेत, पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा; भूतद्रव्यांचा पुनर्योग त्यांनी मान्य केला आणि त्याच आत्म्याचे परत येणे नाकारले. त्याच्याही फार पूर्वी मिलिंद राजाने नागसेनाला विचारले होते की कोणी पलीकडे जात नसताना पुनर्जन्म होतो कसा. आणि नागसेनाने दिव्यावरून लावलेल्या दिव्याचा दाखला देऊन, मग राजालाच विचारले की गुरूकडून तू श्लोक शिकलास तेव्हा तो श्लोक गुरूला सोडून तुझ्याकडे आला काय. ह्या दुसऱ्या दाखल्याइतके नेमके वर्णन माझ्या कामाचे मला कोठेही मिळालेले नाही. सनवरील प्रोग्रॅम सनवरच राहिला. इंटेलवर जो उभा राहिला त्यात पहिल्याचे काहीही गेले नव्हते, आणि तरी तो श्लोक तोच होता.

तोच कशाने? चंद्रपूरच्या त्या मैदानावर बसलेल्या माणसाला विचारले असते तर त्याने, मला वाटते, दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांकडे बोट दाखवले असते. मी कोण, ह्याचे उत्तर त्याने त्या दिवसापासून आपल्या जन्मात शोधणे सोडले आणि आपण उच्चारलेल्या वचनात शोधायला आरंभ केला. चार यंत्रांवरील माझे चार प्रोग्रॅम ज्या अर्थाने एक होते तो अर्थही हाच होता. पलीकडून पहिली हाक आली की ती ऐकल्याची ओ द्यायची आणि आपलीही हाक द्यायची, आणि ती ऐकल्याची ओ परत आल्यावाचून बोलणे सुरू करायचे नाही. मजकूर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने, काहीही न गाळता, काहीही दोनदा न देता हाती द्यायचा. आणि ते अशक्य झाले तर गप्प न राहता तसे कळवायचे. एवढे वचन चौघेही पाळत होते. ते पाळण्यासाठी सनवर जे करावे लागे ते अल्फावर करावे लागत नसे, आणि सिस्टिम फाइव्हवर धीर धरण्याची जी ओळ लिहावी लागे ती बर्कलीच्या घराण्यात लागत नसे; ओळींची तुलना करणाऱ्याला ते चार निराळे प्रोग्रॅम दिसले असते. पलीकडे उभ्या असलेल्याला मात्र कधीही कळले नाही की आपण कोणत्या देहाशी बोलत आहोत.

येथेच मी थांबलो असतो, जर माझे पुढचे आयुष्य पुन्हा गडचिरोलीकडे वळले नसते. वचन एक असले तरी ते पाळण्याचा भार सर्वांवर सारखा पडतो काय, हा प्रश्न मला पुण्यात सुचला नव्हता. आकडा पालटून घेण्याची जी ओळ मी गाळली होती तिच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. ज्या यंत्राचा घरचा क्रमच जाळ्याचा क्रम आहे त्याच्यावर ती ओळ लिहिली तरी काहीच घडत नाही. ती रिकामी असते, तिला क्षणाचाही खर्च नसतो. ज्याचा घरचा क्रम उलटा आहे त्याला मात्र प्रत्येक आकडा, जाताना आणि येताना, पालटावा लागतो. आपण ज्याला साधारणधर्म म्हणतो, सर्वांचा म्हणून गौरवतो, तो कोणातरी एकाच्या घरची रीत असतो, आणि ज्याच्या घरची ती असते त्याला आपण काही पाळत आहोत ह्याची जाणीवसुद्धा नसते. (सॉकेटची ही सोय ज्या व्हॅक्स यंत्रांवर बर्कलीत रचली गेली त्यांचा घरचा क्रम लहान स्थानापासूनचा होता, म्हणजे रचणाऱ्यांनी पालटण्याचा भार आपल्याच अंगावर घेतला होता. ही गोष्ट मला त्यांच्याविषयी फार आदर वाटायला लावते.)

भामरागडच्या शाळेत माडिया मूल पहिल्यांदा बसते तेव्हा त्याच्यापुढे जी मराठी येते ती माझ्या घरची मराठी आहे. मला ती शिकावी लागली नाही. त्या मुलाला प्रत्येक वाक्य पालटून घ्यावे लागते, जाताना आणि येताना. त्यातून ते एखाद्या आकड्याला अडखळले तर त्याला मंद म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते सर्व लोक माझ्यासारखे, ज्यांच्यासाठी ती ओळ रिकामी आहे असे, होते. सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याच्या बाजूला बंगाली आणि सर्वत्र गोंडी व माडिया. एवढ्या घरच्या क्रमांच्या जिल्ह्यात सरकारी दप्तराचा क्रम एकच असावा ह्याला माझी हरकत नाही, वडिलांची पावती मी विसरलेलो नाही. परंतु ज्याचा क्रम तोच आहे त्यानेही ती रिकामी ओळ लिहिली पाहिजे. १९७३ च्या अखेरीस हेमलकशाला गेलेल्या डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांनी प्रथम माडिया शिकून घेतली. कोठे दुखते हे ज्याला विचारायचे त्याने मराठी शिकून यावे अशी वाट पाहिली नाही. पालटण्याचे काम त्यांनी आपल्या बाजूला ओढून घेतले.

पालटण्याचा भार असाच आपल्याकडे घेणारे एक साधनही ह्याच जिल्ह्यात घडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली, आणि न्यूमोनियाने मरणारी बालके वाचवण्याचा प्रश्न हाती घेतला. वैद्यकशास्त्राचे वचन स्पष्ट होते: दोन महिन्यांखालचे बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतचे पन्नास किंवा त्याहून अधिक, तर ते न्यूमोनियाचे लक्षण समजावे. दवाखान्यात, हाती सेकंदकाटा असलेल्या डॉक्टरापाशी, हे वचन सुखाने नांदत होते. झोपडीत बाळाजवळ असे ती सुईण, आणि तिच्यापाशी ना घड्याळ होते ना साठापर्यंतची मोजणी. सुईणींना आधी शंभरपर्यंत अंक शिकवावेत आणि मग हे काम द्यावे, असे सांगणारा कोणी ना कोणी नेहमीच भेटतो, आणि त्याचे म्हणणे ऐकायला रास्तही वाटते. तोवर मुले मेली असती. बंग दांपत्याने मोजणीलाच दुसरा देह दिला. एका फळीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांखालच्या बाळांसाठी आणि एक त्यांहून मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि ओळीच्या अखेरीस लाल मणी. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याला हात लागला तर बाळाला न्यूमोनिया आहे. ह्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले: जेथे गावातच निदान आणि औषध मिळाले तेथे न्यूमोनियाने दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते.

ते साधन मी हातात घेऊन पाहिले आहे. त्यात साठ हा आकडा कोठेही लिहिलेला नाही, दहाच्या पुढचा कोणताच आकडा त्यात नाही. ना 'पंचवीस' आधी पाच की आधी वीस हा वाद त्यात शिरू शकतो. मी ते माझ्याच श्वासावर चालवून पाहिले, आणि दुसरा मणी सरकवायला पुष्कळ वेळ लागतो आहे असे वाटत असतानाच वाळू संपली. नंतर मी डोळ्यांपुढे आणली ती पावसाळ्यातील रात्र, पर्लकोटा नदीला पूर आलेला, रस्ता बंद, चुलीच्या उजेडात बाळाची छाती भराभर खालीवर होते आहे, आणि म्हातारी सुईण त्या छातीवरून नजर न हलवता ओठांतल्या ओठांत दहा मोजते आणि मणी सरकवते, पुन्हा दहा मोजते आणि मणी सरकवते; लाल मण्याला तिचे बोट लागते तेव्हा घड्याळात वाळू अजून शिल्लक असते, आणि ती फळी खाली ठेवून औषधाच्या बाटलीकडे हात लांबवते.